धनुष्य कुणाच्या मापाचं

"हे नको. हे अगदी पोरासोरांचं वाटतं." काकांनी पुठ्ठ्याचा नमुना बाजूला सारला. "हिला तो लांब दाखवा, टोकं मागे वळलेला. काय गं?"

वर्कशॉपमधल्या एकुलत्या एका खुर्चीवर काकू शाल आवळून बसल्या होत्या. रस्त्यापासून दारापर्यंत नवऱ्याचा हात धरून आल्या, तेवढ्यानेच त्यांची दमछाक झाली होती.

कारागिराने टेबलावर हिकरीची फळी ठेवली होती. हे लाकूड मोठं चिवट. वाकेल, पण सहजासहजी मोडणार नाही. चांगली वाळलेली अशी त्याच्याकडे ही शेवटचीच. एकदा नमुना ठरला, पेन्सिलीची रेघ मारून करवत लावली, की मग ब्रह्मदेव आला तरी बदल होत नाही.

"काका, नमुन्याचं मागाहून बघू," तो म्हणाला. "आधी ओढणाऱ्याचा जोर बघू द्या. धनुष्याचं कपड्यासारखंच असतं, ज्याचं त्याच्या अंगाला. तुम्ही बाजूला ठेवलंत ना, ते रुंद नि चपटं, ते नवशिक्याला सांभाळून घेतं. ते लांब मात्र दंडात ताकद मागतं."

"ती आहेच हिच्याकडे!"

भिंतीवर ताणकाटा टांगलेला होता. त्याची दोरी छातीपर्यंत ओढायची, काटा जोर दाखवतो. काकू उठल्या, दोरी धरली आणि ओढली. काटा जरासा हलला आणि जागेवर आला.

"सकाळच्या गोळ्यांनी हिला गळून गेल्यासारखं होतं," काका घाईघाईने म्हणाले. "दुपारी बघा, तुमचा काटा तोडून ठेवील. अहो, मैदानावर भल्याभल्यांना पाणी पाजलंय हिने. मी साक्षीदार आहे. हिचे बाण उपटून आणायला मीच तर असायचो."

"जन्मभर हमाली केली," काकू धापा टाकत हसल्या. "स्वतः एक बाण मारला नाही."

"तुझ्यापुढे मी काय मारणार, कपाळ!"

कारागिराला हसू येईना. "एवढ्याच जोराचं करायचं, तर मग अगदी आखूड नि हलकं—"

"नाही म्हटलं ना! थंडी सरू दे, ही पूर्वीसारखी होते की नाही बघा. तेव्हा काय हे खेळणं घेऊन जायचं मैदानावर?" काकांचा आवाज चढला आणि चढता चढता चिरकला.

"दादा," काकू कारागिराला म्हणाल्या, "माप यांचं घ्या."

"काहीतरीच काय!"

"यांच्या हाताला बसेल असं करा. माझ्याने आता दोरी ओढवत नाही आणि पुढेही ओढवणार नाही. डॉक्टर सांगत होते तेव्हा हे माझ्या शेजारीच बसले होते. ऐकू आलं नाही असं दाखवतात, झालं." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "मी गेल्यावर तुम्ही मैदानाकडे फिरकायचे नाहीत. घरात खुर्चीला खिळून बसाल. मला पक्कं ठाऊक आहे. तेवढं एक मला नकोय हो."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कारागीर उगाचच टेबलावरचा भुसा झाडत राहिला. अशा वेळी दुसऱ्या माणसाने करायचं तरी काय?

"आणा," शेवटी काका म्हणाले.

कारागिराने सरावाचं जुनं धनुष्य त्यांच्या हातात दिलं. काका नेम धरायला उभे राहिले. पाय फाकवले, खांदा सैल सोडला, हनुवटी उचलली. ज्याने कधी धनुष्याला हात लावला नाही त्याचं असं उभं राहणं बघून कारागीर चाट पडला. फक्त सगळं उलटं होतं. धनुष्य उजव्या हातात आणि दोरीवर डावा हात.

"काका, डावरे आहात का?"

"छे. का बरं?"

"मग धनुष्य डाव्या हातात घ्या. दोरी उजव्याने ओढायची."

काकांनी हात बदलले. पाय एकमेकांत अडकले, कोपर भलतीकडे गेलं, मान अवघडली. कुठे काही जमेना. वैतागून त्यांनी हात पुन्हा पहिल्यासारखे केले आणि सगळं आपोआप जागच्या जागी बसलं.

"अहो, डावरी मी आहे," काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"असं आहे होय! मला वाटलं, असंच उभं राहतात."

"मैदानावर इतकी माणसं असतात. त्यांना कधी बघितलं नाहीत?"

"त्यांच्याकडे कोण बघतंय!"

काकू हळूच खुर्चीवर बसल्या.

काकांनी बाजूला सारलेला रुंद, चपटा नमुना स्वतःच उचलून फळीवर ठेवला. कारागिराने त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली. मुठीपाशी येऊन तो थांबला.

"बाण टेकायची खाच उजव्या हाताच्या माणसासारखी करतो, काका. डावऱ्या धनुष्याची आज सवय लावून घ्याल, पुढे जड जाईल. उजव्याने शिकणं सोपं."

"डावरंच करा," काका म्हणाले. "शिकवणारी डावरी आहे."

कारागिराने मान हलवली आणि खाचेची रेघ मारली.

"दादा," काकूंनी विचारलं, "लवकर द्याल ना?"

असल्या कामाला घाई करून चालत नाही, हे त्याचं नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. ते गिळून त्याने करवत उचलली.