घंटी गिळणारी पेटी

साहेबांनी पेटी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, ही कोणत्या कंपनीची?

"कंपनी-बिंपनी काही नाही साहेब. घरीच बनवली, गोळीबार चौकात," मारोतराव म्हणाले.

नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर लघुउद्योगांचं प्रदर्शन भरलं होतं. अक्कल काय ती मुंबई-पुण्यालाच असते असं समजणाऱ्यांना विदर्भाचं डोकं दाखवायचं, असा उद्योग खात्याच्या साहेबांचा बेत. पेटीवर ते बेहद्द खूश झाले. हिंगण्याला कारखान्यासाठी जागा मिळवून देऊ, अर्ज तेवढा करा, असं सांगून ते पुढच्या स्टॉलकडे वळले. दुसरा कोणी असता तर त्याला आभाळ ठेंगणं झालं असतं. मारोतराव नुसती मान हलवत राहिले. ही पेटी कशापायी बनली, ते साहेबांना कुठं ठाऊक होतं?

घराणं विणकरांचं. हातमाग बसले तसे मारोतराव रेडिओदुरुस्तीत शिरले. राहत्या घरातच दुकान काढलं, ते चाललं, आणि वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर एकदाचा फोन आला. गल्लीतला पहिला. बायकोनं, वच्छलाबाईनं, त्याला हळदकुंकू वाहिलं. ही काळी वस्तू घरातली पोरगी घेऊन जाईल, असं तेव्हा कोणाच्या मनात तरी येईल का?

दुपारी दुकान बंद करून मारोतराव सीताबर्डीला सामान आणायला जायचे. घरी दोन पोरी, मोठी पंचफुला आणि धाकटी कौशल्या. परक्याचा फोन त्यांनी उचलू नये म्हणून घरचा इशारा ठरलेला होता. दोनदा घंटी वाजवून ठेवून द्यायचं, मग पुन्हा लावायचं. तसा आला तरच उचला, तो मीच असतो, असं त्यांनी पोरींना बजावलं होतं.

एका दुपारी भलताच फोन वाजला आणि पंचफुलानं तो उचलला. पलीकडचा आवाज मोठा गोड. तुझा गळा रेडिओवर शोभेल, मुंबईत गाण्याचं काम मिळवून देतो, म्हणाला. पोर भोळी. घरचा इशारा तिनंच त्याला सांगितला. मग तो रोज त्याच इशाऱ्यानं फोन करू लागला, आणि घंटी वाजली की वच्छलाबाई स्वयंपाकघरातून सांगे, उचल वं, तुह्या बापाचा असंल.

दिवाळी उलटली आणि पंचफुला गेली. शेजारच्या लहानूनं तिला मुंबईच्या गाडीत एका माणसासोबत चढताना पाहिलं. मारोतराव मुंबईला जाऊन रिकाम्या हातानं परतले. त्या समुद्रात एक पोरगी कुठं शोधायची? वच्छलाबाईचं तर बोलणंच बंद झालं, जेवणही नावापुरतं राहिलं.

राहिली कौशल्या. हिला तरी हातची जाऊ द्यायची नाही, या एका हट्टानं मारोतरावांनी पेटी बनवली. आपल्या बापाच्या हातमागावर ठरलेल्या ठोक्यालाच नक्षीचा धागा उचलला जाई, तीच युक्ती त्यांनी फोनला लावली. ठरलेल्या इशाऱ्यानं फोन आला तरच घंटी वाजायची. नाही तर पेटी ती घंटी गिळून टाकायची, आणि वरचा लाल दिवा लागून राहायचा, म्हणजे फोन अडवल्याचं कळावं. जुना इशारा त्या हरामखोराला ठाऊक झालेला, म्हणून मारोतरावांनी तो बदलला.

एक वाट मात्र त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवली. बाहेरगावच्या ट्रंक कॉलची लांब घंटी पेटी अडवत नसे. पंचफुलानं मुंबईहून फोन केलाच तर तो थेट वाजेल. त्या लांब घंटीकडे बापाचा जीव लागून राहिलेला होता.

ती काही वाजली नाही. लाल दिवा मात्र, सीताबर्डीहून येऊन पाहावं तर, रोज लागलेला. बदमाशाचा डोळा आता धाकटीवर! मारोतराव दातओठ खात खटका दाबायचे आणि दिवा विझवायचे.

प्रदर्शनातली गर्दी ओसरल्यावर एक नर्सबाई स्टॉलवर आल्या. धंतोलीच्या एका दवाखान्यात त्या कामाला होत्या, नाव प्रेमिला. नवरा तारखात्यात, म्हणून घरी फोन. पोरगी वयात आलेली, आणि बाईंची ड्यूटी दिवसभराची. मारोतरावांनी पेटी कशी चालते ते नीट समजावून सांगितलं. बाईंनी विचारलं, खरंच उपयोग होते का हिचा?

"होते म्हणजे? माह्या घरी रोज दिवा लागत होता बाई. मागच्या सोमवारपासून एकदाही नाही लागला. थकला शेवटी तो."

हे बोलताना कित्येक दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं. आज सकाळी वच्छलाबाईनंही दोन घास जास्त खाल्ले होते. पेटी कागदात गुंडाळण्याआधी ते ती फडक्यानं पुसू लागले.

बाई स्टुलावर टेकल्या. पेटी कशाला पाहिजे, ते सांगू लागल्या. त्यांच्या वॉर्डात एक पोरगी होती. कोणी तरी फोनवर गोड बोलून तिला पळवलं, तिची पार दशा केली आणि पुन्हा नागपूरच्याच स्टेशनवर टाकून दिलं. डॉक्टरांनी दया येऊन ठेवून घेतलं, पण अंगात काही उरलंच नव्हतं. नाव सांगेना, पत्ता सांगेना. घरच्यांनी फोन उचलला तर समजीन माफ केलं, मगच घरी जाईन, एवढंच म्हणायची. दुपारी वॉर्ड शांत झाला की बाई तिला आपल्या टेबलावरचा फोन देत.

"मग? उचलला का कोणी?" मारोतरावांनी पुसता पुसता विचारलं.

"कोणीच नाही भाऊ. मागच्या रविवारी गेली बिचारी. शेवटपर्यंत लावून राहिली होती. दोनदा वाजवून ठेवून द्यायची, मग पुन्हा लावायची. म्हणे, असा फोन आला की आमच्या घरी उचलतेतच."