भरल्या वांग्यांचा नैवेद्य

विभावरीबाईंनी कपड्यांची पावडर घ्यायला फळीवर हात घातला आणि हातात बाटली आली. लाल, स्पॅनिश, सीलबंद. सून सिद्धी दारातच उभी होती. सासूबाईंना पुण्याहून ख्राइस्टचर्चला येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. आपल्या घरात वाइन येते हे त्यांना कळू नये म्हणून तिने केवढा आटापिटा केला होता!

"लपवायची तर नीट तरी लपवावी," एवढंच म्हणून त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. निदान अर्धं तरी. सिद्धी ज्या रेस्टॉरंटमध्ये तीन वर्षं राबत होती, तिथली मुख्य शेफ नोकरी सोडून चालली होती. मालकीणबाईंनी सांगितलं होतं, या वाइनबरोबर शोभेल अशी एक डिश आज चार वाजता माझ्यापुढे ठेव. जमली तर किचन तुझं. गार्नाचा आणि टेम्प्रानिओ, अशा दोन जातींच्या द्राक्षांची ती वाइन. मटण, सॉसेज, जुनं चीज यांच्याबरोबर छान लागते, असं बाटलीच्या पाठीवरच छापलं होतं. ते काय, कुणीही करेल. सिद्धीच्या मनात होती भरली वांगी.

उरलेलं अर्धं तिने सांगितलं नाही. तिचा दुसरा महिना संपत आला होता. वाइन प्यायची तर नव्हतीच, पण नुसता वास आला तरी सिंककडे पळावं लागायचं. बारा आठवड्यांचं स्कॅन होईपर्यंत कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही, असं तिचं आणि अक्षतचं ठरलं होतं. आणि या नवऱ्याची मदत ती काय होणार? डोळे मिटून दिलं तर त्याला वाइन कोणती आणि कोकम सरबत कोणतं हे कळलं नसतं. म्हणून तिने सासूबाईंना ठोकून दिलं, सर्दीने नाक बंद आहे, चवच लागत नाही.

विभावरीबाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग ग्लास मागितला.

ज्या बाईने जन्मात असल्या बाटलीला हात लावला नाही, ती ग्लास नाकाशी धरून उभी राहिली. नाकही साधंसुधं नव्हे. चाळीस वर्षं गौरीगणपतीचा स्वयंपाक केलेलं. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नाही, त्यामुळे मीठ कमी की जास्त हे वाफेवरून ओळखायचं, अशी त्यांची तालीम.

"काळ्या मनुका," त्या म्हणाल्या. "लवंग. आणि जुन्या लाकडी पेटीचा वास."

मग सुनेवर सूचनांचा भडिमार सुरू झाला. चिंच नको, तिच्यापुढे ही वाइन पाणचट लागेल. तिखट बेताचं घाल, ही मुळातच उष्ण. खोबरं मात्र चांगलं काळपट होईतो भाज, गोडा मसाला सढळ हाताने, गूळ चिमूटभर. वांगी शिजत आल्यावर त्यांनी वाफ हुंगली, ग्लास हुंगला, पुन्हा वाफ हुंगली आणि अजून थोडं मीठ टाकायला लावलं. सिद्धी चमचा घेऊन पुढे झाली, तर तिला हटकलं. आज तुझी मालकीण हाच देव, तिच्याआधी कुणी चाखायचं नाही.

चार वाजता रेस्टॉरंटमध्ये मालकीणबाईंनी एक घास घेतला, एक घोट घेतला. मग परत घास, परत घोट. बाईंनी ताटली पावाने पुसून लख्ख केली, "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं म्हणाल्या आणि किचनच्या चाव्या तिच्या हातात ठेवल्या.

सिद्धी घरी आली ती जवळजवळ नाचतच. आल्या आल्या सासूबाईंना वाकून नमस्कार केला, किचन मिळाल्याचं सांगताना तिचे डोळे भरून आले. विभावरीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्यापुढे टेबलावर सकाळचीच बाटली होती आणि धुऊन पुसलेला एक ग्लास.

"झाला ना नैवेद्य दाखवून?"

"हो आई."

"मग आता चाखायला हरकत नाही. ओत," त्यांनी ग्लास पुढे सरकवला. "अजून सात महिने तुझ्या वाटची चव मलाच घ्यायची आहे."