सवड

"मायलोमावर, म्हणजे या रक्ताच्या कर्करोगावर, तुमच्यासाठी दोन पर्याय आहेत," डॉक्टर थोरल्या भावाला समजावत होत्या. "गोळ्या घरी घेता येतील, पण त्यांचा भार किडनीवर पडतो. इंजेक्शन किडनीला सोसेल. मात्र त्यासाठी दर आठवड्याला इथं यावं लागेल. हाडं ठिसूळ झालीत, तेव्हा एकट्यानं यायचं नाही. सोबत कुणीतरी हवं."

"गोळ्याच लिहून द्या," गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत धाकटा म्हणाला. "धंदा सोडून दर आठवड्याला मला कसं जमायचं? आणि आमचा दादा मुळातला काटक आहे हो. दगडसुद्धा पचवेल!"

 धाकट्यासाठी गप्प राहण्याची थोरल्याला इतकी सवय झाली होती, की ते मौन आता त्याचा स्वभावच वाटे.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. "पण यांना एकच किडनी दिसतेय, आणि तीही थकलेली. दुसरीचं काय झालं?"

किल्ली फिरायची थांबली.

"दुसरी अगदी ठणठणीत आहे, डॉक्टर," थोरला हळूच म्हणाला. "ही काय, शेजारच्या खुर्चीत बसलीय. फक्त तिला दर आठवड्याला सवड नाही."