शब्बाथ शाळेतला शेवगा

मंगलबाईंनी फांदी पोरांसमोर धरली आणि त्यांचंच तोंड उघडं राहिलं.

फांदी वाळायला हवी होती. गेल्या रविवारी, त्यांच्याच घरात भरणाऱ्या शब्बाथ शाळेच्या, म्हणजे बायबलच्या वर्गाच्या पोरांदेखत त्यांनी ती दारच्या शेवग्यावरून कोयत्यानं तोडली होती. "पुढच्या रविवारी बघा हिचं काय होतंय ते," असं वर दरडावून सांगितलं होतं. पाठ साधा होता. येशू म्हणजे वेल, आपण फांद्या. वेलाला धरून राहिलो तर जगलो, तुटलो की वाळलो. आता वेल्ह्याच्या डोंगरात द्राक्षाची वेल कुठून आणायची? म्हणून शेवगा. आणि तोडलेली फांदी ठेवली कुठं, तर मोरीच्या मागं, भांड्यांचं पाणी जातं तिथं चिखलात! तिला आता जागोजागी कोवळे धुमारे फुटले होते.

"बाई, ही तर जगली!" अमृत ओरडला. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

शेवगा असा वाळत नसतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. निम्म्या गावाची कुंपणं अशाच तोडलेल्या फांद्या रोवून झालीत. मंगलबाईंना काय ठाऊक नव्हतं? पण आठवडाभर त्यांचं डोकं ठिकाणावर होतं कुठं! घरात मायलेकी दोघीच. त्यातली लेक, शेफाली, आज दुपारच्या एसटीनं पुण्याला निघणार होती, आठवीला, वसतिगृहात राहायला. ट्रंक भरून उंबऱ्याशी ठेवली होती आणि शिकवता शिकवता बाई मधेच उठून तिचं कुलूप ओढून बघत होत्या.

खरं सांगायचं तर पाठ सगळ्या पोरांसाठी नव्हताच. एकटीसाठी होता. वसतिगृहात मोबाईल चालत नाही, दिवाळीपर्यंत रविवारी बाहेर सोडत नाहीत आणि खोलीतल्या मुलींत ख्रिस्ती एकही नाही. इथं दिवेलागणीला पोरगी कितीही पेंगली तरी आई पाठीत धपाटा घालून प्रार्थनेला बसवते. तिथं कोण बसवणार? वाळकी फांदी बघून पोरगी भ्यावी आणि त्या भीतीनं तरी देवाला धरून राहावी, एवढाच बाईंचा डाव होता.

"गप बसा!" बाई खेकसल्या. "हसायला काय झालं? अजून वाळायची हाय ती."

"न्हाई वाळत बाई," अमृत म्हणाला. "मातीत रोवली की शेंगा येत्यात. आमच्या आज्यानं..."

"तुझ्या आज्यालाच बोलावू का हितं शिकवायला?"

पोरं आणखीच हसली. शेफाली मात्र हसत नव्हती.

"आई, तुटलं की वाळतं, हे खोटं का मग?"

"खोटं कसं असंल? शास्त्रात हाय ते."

"मग मी वाळणार?"

झालं! बाईंना 'व्हय' म्हणवेना, आणि 'न्हाई' म्हणावं तर पाठ गेला पाण्यात. त्यांना एकदम राग आला. कुणाचा आला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करशील का? मुली हसल्या तरी डोळं मिटशील का? सांग! ह्या सगळ्यांसमोर सांग!"

"करीन की."

"नुसतं 'करीन की' नको!" बाईंचा आवाज चिरकला. "तिथं मी नसणार गं! कोण हाय तुला तिथं?"

पोरं चुळबुळायला लागली. सगळ्यांत लहान एस्तेर तर रडायच्या बेताला आली. खाली थांब्यावर कुठल्यातरी टेम्पोचा हॉर्न वाजला. एसटीला अजून पुष्कळ अवकाश होता, तरी बाई दचकल्या. त्यांनी फांदी भिंतीला लावून ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"चला, शेवटची प्रार्थना. आज शेफाली करंल."

रीत ठरलेली होती. एका पोरानं प्रार्थना करायची, शेवटी बाईंनी मोठ्यानं 'आमेन' म्हणायचं आणि मागून सगळ्यांनी. त्याआधी डोळा उघडला की दंडाला चिमटा.

शेफालीनं नेहमीसारखी सुरुवात केली. एसटीच्या ड्रायव्हरसाठी मागितलं. अमृतच्या आज्याच्या गुडघ्यांसाठी मागितलं. एस्तेरच्या खोकल्यासाठी मागितलं. मग ती थांबली. पोरांना वाटलं, संपलं. पण ती पुन्हा बोलायला लागली, आणि आता तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"देवा, पुण्यात तू हाईस. त्याची मला काळजी न्हाई. पर मी गेल्यावर हितं आई एकटी ऱ्हाती. ती प्रार्थनेला बसती ती माझ्यासाठीच बसती. मी नसले की ती बसायची न्हाई, जेवायची बी न्हाई. तिला सोडू नको. येशूच्या नावानं मागते."

पोरं डोळे घट्ट मिटून थांबली. वाट बघत राहिली. चूल विझत आली होती, तिचा धूर खोलीत यायला लागला. तरी कुणी हललं नाही. शेवटी एस्तेरनं चिमट्याची पर्वा न करता एक डोळा किलकिला केला आणि बाईंच्या पदराला हलकेच ओढलं.

"बाई," ती कुजबुजली, "आमेन म्हना की."