बिनरिव्हेटचा टप

मशीननं दोन्हीकडून पत्रा ओढला, ओढला, आणि हाही जोड मॅडमनी सांगितलेल्या भारालाच तुटला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सोबतच्या दोघांनी साहेब वाजवतायत म्हणून वाजवल्या.

बसच्या कारखान्यातून ग्लूनं चिकटवलेल्या पत्र्यांचे जोड यायचे. ते किती भाराला आणि कुठून तुटतील हे मॅडम आधी कॉम्प्युटरवर मांडायच्या. मग प्रयोगशाळेतले मामा ते मशीनला लावायचे. पहिला जोड सोडला, तर सहा वर्षांत एकही भेग गणिताच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. आता मॅडमच्या एका सहीनं बसच्या टपाचे रिव्हेट जाणार होते. टप नुसत्या ग्लूवर राहणार होता, आणि टपाखाली पन्नास माणसं.

मामा आजच निवृत्त होत होते. त्यांनी कपाटाची किल्ली मॅडमच्या हातात ठेवली आणि उगाच घसा खाकरला.

मॅडमनी कपाट उघडलं. आत तुटलेले जोड शिस्तीत रचून ठेवलेले, प्रत्येकावर खडूनं तारीख आणि भार. भार अपेक्षेच्या निम्मासुद्धा नव्हता. मॅडमच्या गणितात भेग ग्लूच्या मधून जायची. इथे सगळा ग्लू एका पत्र्यावर आणि दुसरा पत्रा लख्ख. ग्लूनं त्याला धरलंच नव्हतं.

“मामा, हे मला का नाही दाखवलंत?”

“पहिला जोड लवकर तुटला, तेव्हा तुम्ही दोन दिवस डब्याला हात लावला नव्हता.”

मॅडमना राग यायला हवा होता. आलं ते रडू, आणि तेही गिळावं लागलं, कारण मागे साहेब पेन घेऊन उभे होते. निदान आजच्या दिवशी तरी म्हाताऱ्याची शोभा व्हायला नको, असं मॅडमना वाटलं.

“साहेब, मी सही करत नाही. माझं गणित चुकलंय.”

साहेबांचा चेहरा पडला. मामा मात्र दुखावले. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या गणिताला खुद्द मॅडमनीच नावं ठेवावीत? ते लगबगीनं मध्ये पडले.

“गणितात काडीची खोट नाही, साहेब. तुम्हाला दाखवलेले सगळे जोड मी स्वतः चिकटवलेत, पत्रा घासून, नव्या फडक्यानं पुसून. कपाटातले तेवढे कारखान्यातून आले होते.”