नववा तास

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांत आधी स्वतःचाच हात वर केला.

शेडमधले दोनशे हात वर गेले. काही पटकन गेले, काही शेजाऱ्याचा गेलेला बघून गेले. एक हात मात्र कानापर्यंत आला आणि तिथेच अडकला. तो लेथवर काम करणाऱ्या बाईचा होता.

ठराव दिसायला साधा होता. युनियनचे दिवंगत पुढारी नाहीबुवा यांच्या स्मरणार्थ प्रत्येक कामगाराने रोज एक तास जास्त काम करायचं. आठाचे नऊ. वर्षभर, आणि 'पुढेही सोयीनुसार'. मसुदा ऑफिसातूनच टाइप होऊन आला होता. तेवढी मेहनत वाचवल्याबद्दल अध्यक्षांनी मॅनेजमेंटचे मनापासून आभार मानले होते. 'श्रमांजली' हे नाव मात्र त्यांचं स्वतःचं. ते सुचलं त्या दिवशी स्वारी इतकी खूश झाली की दुपारीच घरी गेली.

नाहीबुवा हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. बुवा प्रत्येक वाक्याची सुरुवात 'नाही'ने करायचे, म्हणून मॅनेजमेंटने वैतागून ते ठेवलेलं. विधानसभेत ते अठ्ठावीस वर्षं विरोधी बाकावर बसले. सरकारं आली, गेली. बुवा काही तिथून हलले नाहीत. इथे गेटसमोर एक्केचाळीस दिवस ठिय्या देऊन आठ तासांची पाळी त्यांनीच मिळवून दिली होती. आता ते ठरावाच्या कागदावर छापलेल्या फोटोत होते. फोटोही असा शोधून काढलेला की बुवा गालातल्या गालात हसताहेत, समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळे होतील. जिवंतपणी त्यांना असं हसताना कुणी पाहिलं असेल तर शपथ.

बाईच्या डोळ्यांसमोर मात्र बुवा नव्हते, आई होती. आई अंथरुणाला खिळलेली. शेजारची मावशी दिवसभर तिच्यापाशी बसायची, पण मावशीलाही संध्याकाळी स्वतःच्या कामावर जायचं असायचं. बाई पाचला सुटायची आणि धापा टाकत साडेपाचच्या आत घर गाठायची. एकदाच उशीर झाला होता. आई पलंगावरून पडून तासभर तशीच फरशीवर होती, आणि वर म्हणाली होती, "काही नाही गं, गार वाटत होतं." नववा तास द्यायचा तर आईला वाऱ्यावर सोडायचं, नाहीतर नोकरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेजारच्या फिटरने तिला कोपर मारलं. "कर की गं वर. मेलेल्या माणसाला कुणी नाही म्हणतं का?"

"ते जिवंतपणी सगळ्यांना म्हणायचेच की," बाई पुटपुटली. मग तिचं तिलाच कळलं नाही, पण ती उभी राहिली. "अध्यक्षसाहेब, विरोधात कोण आहे, ते आधी विचारायचं असतं ना?"

नियम बुवांचाच होता. प्रत्येक सभेत ते आधी विरोधातले हात मोजायचे. एकही वर आला नाही, तर ठराव दुसऱ्या दिवसावर ढकलायचे. म्हणायचे, "घरी जा, झोपा, आणि उद्या कुणीतरी शंका घेऊन या."

"अहो ताई, श्रद्धांजलीला कुणी विरोध करतं का?" अध्यक्ष हसले. ते हसले म्हणून व्यासपीठही हसलं. "पण बरं, नियम म्हणजे नियम. नाहीबुवांच्या सन्मानाला कुणाकुणाचा विरोध आहे?"

आता असं विचारल्यावर कोण मायेचा पूत हात वर करणार? बाईने केला. या वेळी हात कानाच्या पुढे गेला आणि सरळ वर राहिला. फिटर दोन बोटं बाजूलाच सरकला.

तेवढ्यात व्यासपीठावर दुसरा हात वर आला. तो जुन्या मॅनेजरसाहेबांचा होता. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, निवृत्त होऊन जमाना झाला. कामाला असेपर्यंत टेबलाच्या पलीकडे बसून ते बुवांशी भांडले. प्रतिस्पर्धीसुद्धा नमस्कार करतो हे दिसावं, म्हणून अध्यक्षांनी त्यांना मुद्दाम गाडी पाठवून आणवलं होतं. सभा सुरू झाल्यापासून ते ठरावाचा कागद नाकाशी धरून बसले होते. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

आणि कामगारांची गंमत बघा. बाईचा हात बघून कुणाचं बोटसुद्धा हललं नव्हतं. पण साहेबाने हात वर केला म्हटल्यावर! जन्माची सवय ती, जाते कुठे? फिटरचा गेला, पेंटरचा गेला, मागच्या रांगाच्या रांगा गेल्या. मघाशी बाजूने उठलेले तेच दोनशे हात आता विरोधात उभे होते. बाई खाली बसली आणि पदराने डोळे टिपत राहिली.

अध्यक्षांचा चेहरा पार पडला. "साहेब, अहो हे काय! तुम्ही जन्मभर बुवांच्या विरोधात होतात. निदान आज, ते गेल्यावर तरी..."

"होतोच विरोधात. म्हणून तर कागद ओळखला," मॅनेजरसाहेब म्हणाले. "अक्षरन् अक्षर माझं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी लिहिला आणि बुवांनी तो माझ्या तोंडावर फाडला. तुम्ही फक्त वर त्यांचा फोटो छापलात."