उंबऱ्यातला ढग

ढगखात्याचे निरीक्षक चढण चढून धापा टाकत आले, तेव्हा गावप्रमुख पेमाने रिवाजाप्रमाणे आधी तांब्याभर पाणी पुढे केलं. ते घटाघटा पिऊन त्यांनी अंगणातल्या, ढगांचं पाणी टिपणाऱ्या उंच जाळ्यांकडे बोट दाखवलं.

“ही उतरवा, बाई. दोन्ही बड्या देशांनी आकाशातले ढग वाटून घेतलेत.”

“आणि आमच्या देशाचा वाटा?”

“करारात तुमचं नावच नाही.” निरीक्षक ओशाळले.

पेमाला ते ठाऊक होतं. तीन वर्षं बड्या देशांची विमानं वरचे ढग हाकलून नेत होती. डोंगरावर पावसाचा थेंब नव्हता.

तेवढ्यात दरीतून एक ढग वर आला, अंगणातल्या जाळ्यांतून आत शिरला आणि उंबरा ओलांडून थेट चुलीपाशी गेला. निरीक्षकांना स्वतःचे बूट दिसेनात. जाळ्यांखालच्या हंड्यांत टपटप सुरू झाली.

“आकाशातले त्यांचे, कबूल,” पेमा ताठ मानेने म्हणाली. “हा आमच्या घरात आलाय. आम्हाला विचारलं असतंत, तर सांगितलं असतं. आमच्याकडे ढग डोक्यावरून जात नाहीत, दारातून येतात.”

निरीक्षकांनी करार पुन्हा चाळला. घरात आलेल्या ढगाचं कलम कुठेच नव्हतं.

“आणि साहेब, मघाशी तुम्ही प्यायलात ना, ते याच हंड्यांतलं पाणी. तो त्यांचा वाटा नव्हता. आमचा पाहुणचार होता.”